परभणीची वकिली आणि विधिशिक्षण

परभणी जिल्ह्यातील वकिलीचा आणि विधिशिक्षणाचा इतिहास तीन शहरांशी बांधलेला आहे: हैदराबाद, मुंबई आणि औरंगाबाद. परभणीच्या पक्षकाराला अपिलासाठी आणि परभणीच्या तरुणाला कायदा शिकण्यासाठी कोणत्या काळी कोणत्या गावी जावे लागले, हे पाहत गेले की जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचाही बराचसा इतिहास हाती लागतो. या वाटचालीत वरचे न्यायालय बदलत गेले आणि त्याबरोबर न्यायालयाची भाषाही. ऐन उमेदीत उर्दूत कैफियती लिहिणाऱ्या वकिलांना उतारवयात इंग्रजी निकालपत्रे वाचावी लागली, आणि त्यांच्या नातवंडांच्या हयातीत खालच्या कोर्टाची भाषा मराठी झाली. या इतिहासातला जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, हेही ध्यानात ठेवावे लागते. परतूर १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

निजामाच्या राज्यात जिल्ह्यांची घडी बसली ती पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८६० च्या दशकात. सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. महसूल, पोलीस आणि न्याय या खात्यांची आधुनिक म्हणता येईल अशी रचना त्यांच्याच काळात झाली. परभणी औरंगाबाद सुभ्यातला जिल्हा झाला. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी, आणि सुरुवातीला महसुलाबरोबर न्यायाचेही बरेच काम त्याच्याच हाती असे. ही दोन कामे १९२१ च्या सुमारास सातव्या निजामाच्या फर्मानाने वेगळी करण्यात आली. न्यायखाते कार्यकारी अधिकाऱ्यांपासून सोडवण्याची मागणी ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेस वर्षानुवर्षे करत होती, आणि तिथल्या बहुतेक प्रांतांत ती तेव्हा पुरी झालेली नव्हती. एकतंत्री संस्थानाने हा निर्णय आधी घ्यावा, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. मात्र याच राज्यात जाहीर सभा भरवण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी लागे. न्यायालय मोकळे आणि सभागृह बंद, अशा परिस्थितीत मराठवाड्यातला वकील घडला.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड होता. दरबाराची फारसी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मागे पडली आणि तिच्या जागी उर्दू आली. परभणीच्या रयतेची भाषा मराठी, कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत, सावकाराचे खत मोडीत, आणि कोर्टातला दावा उर्दूत. शेतकरी आपली तक्रार मराठीत सांगे, मुन्शी ती उर्दूत उतरवी, न्यायाधीशासमोर वकील ती उर्दूत मांडी आणि हुकूम उर्दूत निघे. त्या हुकमाचा अर्थ पक्षकाराला पुन्हा मराठीत समजावून सांगावा लागे. त्यामुळे मराठवाड्यात वकील हा कायदा जाणणाऱ्याइतकाच दुभाषाही होता. गावात कोणता कागद आला तर तो वाचून घ्यायला लोक त्याच्याकडेच जात. त्या काळाचे अवशेष बोलीत अजून आहेत. फिर्याद, वकालतनामा, दस्तऐवज, इसार, बयनामा, दरखास्त हे शब्द सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असले तरी मराठवाड्यात त्यांची वर्दळ अधिक आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रात जिथे पक्षकार ‘आज तारीख आहे’ म्हणतो तिथे परभणीकडचा जुना माणूस ‘आज पेशी आहे’ असे म्हणतो.

वकिलीची सनद संस्थानाच्या परीक्षेवर मिळे. वकिलांचे दर्जे असत, आणि दर्जानुसार कोणत्या न्यायालयात उभे राहता येईल हे ठरे. कॉलेजात न जाता, एखाद्या जाणत्या वकिलाकडे राहून, कायद्याची उर्दू पुस्तके पाठ करून परीक्षा देणे हा तेव्हाचा सरधोपट मार्ग होता. या मार्गाने किती वर जाता येते याचे सर्वांत मोठे उदाहरण परभणी जिल्ह्यानेच दिले. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ मध्ये वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. केशवरावांनी गुलबर्ग्यात वकिली सुरू केली, पुढे हैदराबादेत नाव कमावले आणि अखेर हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुसी नदीकाठची त्या न्यायालयाची तांबड्या दगडाची इमारत १९२० मध्ये खुली झाली. पुरजळसारख्या खेड्यातून निघालेल्या माणसाने तिथवर पोचणे ही त्या काळच्या मराठी समाजाला मोठी गोष्ट वाटली, आणि ती होतीही. पण केशवरावांचे महत्त्व न्यायाधीशपदाने पूर्ण होत नाही. संस्थानात खासगी शाळांना अडचणी असताना १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. वकिलीतून मिळालेली प्रतिष्ठा आणि पैसा शाळेत घालायचा, ही मराठवाड्यातल्या वकिलांची पुढची रीत त्यांनी घालून दिली. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

विवेकवर्धिनीशी जोडलेली एक घटना इथे सांगायला हवी, कारण भाषेच्या प्रश्नाची दुसरी बाजू तिच्यातून दिसते. नोव्हेंबर १९२१ मध्ये संस्थानातील सामाजिक परिषदेचे अधिवेशन महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली तिथे भरले. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली. आलमपल्ली वेंकटरामराव या वकिलांनी तेलुगूत बोलायला सुरुवात करताच सभेतून हुर्यो उठली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ उभा राहिला, आणि तेलंगणातील तेलुगू भाषकांच्या चळवळीची सुरुवात तिथून धरली जाते. उर्दूच्या ओझ्याखाली दबलेल्या मराठी माणसांनी तेलुगू माणसाला बोलू दिले नाही. ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते, पण ती लपवण्यात अर्थ नाही.

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि कायद्याच्या शिक्षणाला पदवीचा रस्ता मिळाला. एका भारतीय भाषेतून सर्व विद्याशाखा शिकवण्याचा हा देशातला पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले, आणि वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे विषय उर्दूत उतरले. भारतीय भाषांत उच्च शिक्षण देता येत नाही असे म्हणणाऱ्यांना उस्मानियाने दिलेले उत्तर आजही वजनदार आहे. अडचण एवढीच की परभणी, नांदेड, वारंगल किंवा रायचूरच्या मुलाला उर्दू ही घरची भाषा नव्हती. ज्यांना ऐपत आणि ओढ होती ते पुण्या-मुंबईला गेले. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, पुण्याचे इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ चे. बाकीचे हैदराबादेत शिकले. १९०१ च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग पुरा झाला होता आणि परभणी त्याच मार्गावर होते. विद्यार्थी, पक्षकार, वकील आणि अपिलाचे कागद हे सारे त्याच गाडीने हैदराबादला जात.

कायद्याचे ज्ञान राजकारणाला कसे उपयोगी पडले, हे १९३७ मध्ये परतूरला दिसले. संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सभा-संमेलनांवर परवानगीचा जाच बसवलेला होता. राजकीय सभा तर जवळजवळ अशक्यच. अशा स्थितीत संस्थानातील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद स्थापन झाली आणि तिचे पहिले अधिवेशन जून १९३७ मध्ये परतूर इथे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, भरले. अध्यक्ष होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. परवानगीचे अर्ज कसे लिहायचे, ठरावांची भाषा कुठवर ताणायची, कोणता शब्द वापरला की कार्यक्रम राजद्रोही ठरेल आणि कोणता वापरला की शैक्षणिक ठरेल, हे ठरवायला वकीलच हवा होता. परिषदेच्या आरंभीच्या मागण्या आज सौम्य वाटतात: मातृभाषेतून शिक्षण, शाळा-वाचनालयांची मोकळीक, नागरी हक्क, जबाबदार राज्यपद्धती. पण त्या मागण्या जाहीरपणे आणि कायद्याच्या चौकटीत मांडणे हीच त्या वेळी मोठी मजल होती. नानल हे आडनाव परभणी शहरात नानलपेठेमुळे आजही रोज उच्चारले जाते.

पुढच्या दहा वर्षांत ती चौकट तुटली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियाशी संलग्न संस्थांतून शेकडो विद्यार्थी काढले गेले, आणि त्यांतल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात शिक्षण पुरे केले. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा राज्यभरातल्या अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत बॅरिस्टर विनायकराव कोरटकर होते. केशवरावांचे हे चिरंजीव कांगडीच्या गुरुकुलाचे विद्यालंकार आणि आर्य समाजाचे नेते. ज्या संस्थानाच्या उच्च न्यायालयात वडील न्यायाधीश होते, त्याच न्यायालयावरचा बहिष्कार मुलाने चालवला. वकिलाने कोर्टात जायचे नाही असे ठरवणे म्हणजे स्वतःची चूल बंद करणे. तालुक्याच्या गावी एकट्यादुकट्या वकिलाला हे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वतंत्र भारतातील हैदराबाद राज्यात हेच वकील सत्तेच्या जागी दिसतात. १९५२ च्या विधानसभेचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू आणि मंत्रिमंडळातील विनायकराव हे तिघेही वकिलीतून आलेले होते.

मुक्तीनंतरची आठ वर्षे मराठवाड्यातल्या वकिलांसाठी सर्वांत धामधुमीची गेली. हैदराबादची स्वतःची दंडसंहिता होती, स्वतःचे दिवाणी-फौजदारी जाबते होते. १ एप्रिल १९५१ पासून त्या जागी भारताचे कायदे लागू झाले आणि न्यायालयात उर्दूऐवजी इंग्रजी आली. इंग्रजी न येणाऱ्या जुन्या सनदी वकिलांचा काळ तिथेच सरला. त्याच वेळी जमिनीचे कायदे एकामागून एक येत होते. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करणारे विनियम आले, १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला, १९५४ मध्ये इनामे आणि रोख अनुदाने रद्द करणारा कायदा झाला. या तीन कायद्यांनी परभणीच्या कोर्टांना पुढची पन्नास वर्षे काम पुरवले असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

कूळ कायद्यातील ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना यांत सर्वांत महत्त्वाची. ज्याने १३४२ ते १३५२ फसली या काळात सलग किमान सहा वर्षे कूळ म्हणून जमीन कसली, त्याला कायद्याने हे संरक्षण दिले. इतर काही मुदतींचीही तरतूद होती. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हा काळ १९३२ ते १९४३ चा. तेव्हाची पाहणीपत्रके उर्दूत, घरची खते मोडीत, आणि दावा लढवायचा इंग्रजी-मराठीत. आजही एखाद्या जमिनीचा वाद मुळापर्यंत गेला की १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा उतारा काढावा लागतो. त्यातली उर्दू नावे, फसली साल आणि सर्व्हे नंबरांची जुळणी लावणारे जाणकार दरवर्षी कमी होत चालले आहेत. महाराष्ट्रात आजही कुळांचे तीन वेगळे कायदे आहेत: पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा, मराठवाड्याचा १९५० चा आणि विदर्भाचा १९५८ चा. पुण्याच्या महाविद्यालयात पहिला कायदा शिकलेला वकील परभणीत आला की त्याला दुसरा मुळापासून वाचावा लागतो. मराठवाड्यातच विधी महाविद्यालय असण्याची गरज केवळ अंतराची नव्हती, ती या स्थानिक कायद्याचीही होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेच्या दृष्टीने हे घरी परतणे होते. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र घर लांब गेले. परभणीहून हैदराबाद रेल्वेने साडेतीनशे किलोमीटरच्या आत होते, मुंबई साडेपाचशेच्या आसपास. शिवाय मनमाडपर्यंतचा मार्ग मीटरगेज, तिथे गाडी बदलायची. हैदराबादेत ओळखीचे वकील होते, मुंबईत कोणी नव्हते. जिल्हा न्यायालयात हरलेला गरीब पक्षकार अपिलाचा नाद सोडून देई, आणि जिंकलेल्यालाही समोरचा मुंबईला गेला तर आपण कसे पुरे पडणार याची धास्ती असे. एकभाषक महाराष्ट्राच्या आनंदात ही अडचण काही काळ झाकली गेली, पण वकिलांनी ती विसरू दिली नाही.

शिक्षणाची सोय त्या मानाने लवकर झाली. औरंगाबादला १९५६ मध्ये विधी महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यसैनिक माणिकचंद पहाडे यांचे नाव ते आज धारण करते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातील महाविद्यालये हळूहळू उस्मानियापासून सुटून त्याच्याशी जोडली गेली. पुढे नांदेड, लातूर, परभणी अशा जिल्ह्याच्या ठिकाणी विधी महाविद्यालये निघाली. याच सुमारास व्यवसायाची घडीही बदलली. अधिवक्ता अधिनियम १९६१ ने वकील, प्लीडर, मुखत्यार असे सारे भेद मोडून देशभर ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग केला. सनद देणारी संस्था राज्याची बार कौन्सिल झाली. हैदराबादच्या दर्जांची उतरंड या कायद्याने इतिहासजमा झाली.

या काळात घडलेल्या वकिलांच्या पिढीच्या वैचारिक जडणघडणीत औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे ते १९५० मध्ये सुरू केले. मराठवाड्यातल्या ज्या समाजांना पूर्वी शाळेच्या उंबरठ्यावरही जागा नव्हती, त्यांची मुले तिथून पदवीधर होऊन बाहेर पडली, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढचे पाऊल म्हणून कायदा निवडला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे १९३५ ते १९३८ या काळातील प्राचार्य आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. दलित कुटुंबातील मुलाने काळा कोट घालणे याला मराठवाड्यात नोकरी-धंद्यापलीकडचा अर्थ आला तो यामुळे.

उच्च न्यायालय जवळ आणण्याची मागणी १९७० च्या दशकात जोरात आली. मराठवाड्यातील वकील संघांनी ती लावून धरली, विधिमंडळाचा पाठिंबा मिळाला, आणि मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. परभणीची प्रकरणे तिकडे गेली. या आदेशाला लगेच आव्हान मिळाले. राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींना असे करता येते का, हा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरवला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या प्रकरणात, तो वैध ठरवला. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. या निकालाचा उपयोग मराठवाड्यापुरता राहिला नाही. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले तेही याच कलमाच्या आधारे. परभणीपासून औरंगाबाद रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी परतता येते, हा बदल पक्षकाराच्या दृष्टीने कोणत्याही कायद्यातल्या दुरुस्तीपेक्षा मोठा होता. परभणीच्या नव्या वकिलांपैकी काही जण थेट औरंगाबादला बिऱ्हाड करू लागले, आणि जिल्हा न्यायालयातला वकील व खंडपीठातला त्याचा ओळखीचा वकील अशी जोडी तयार झाली.

बीडचे नरेंद्र चपळगावकर हे या काळातील मराठवाड्याच्या वकिलीचे सर्वांत सुसंस्कृत रूप म्हणावे लागेल. वकिली, प्राध्यापकी, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद आणि इतिहासलेखन अशा चारही वाटा त्यांनी चालून पाहिल्या. हैदराबाद संस्थानातील माणसांची आणि संस्थांची मराठीत नोंद ठेवण्याचे मोठे काम त्यांनी केले. २०२३ मध्ये वर्धा येथील ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. परभणीच्या शिवाजी विधी महाविद्यालयासारख्या जिल्हा पातळीवरील संस्थांचा विद्यार्थिवर्ग महानगरांतल्या विधी महाविद्यालयांपेक्षा वेगळा असतो. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेली मुले असतात, तशीच तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेली प्रौढ माणसेही असतात: शिक्षक, कारकून, शेती सांभाळणारे पदवीधर, स्पर्धा परीक्षा देऊन थकलेले तरुण, लग्नानंतर पुन्हा शिकू लागलेल्या स्त्रिया. अधिनियमाचा मूळ मजकूर इंग्रजीत वाचायचा आणि त्याचा अर्थ मराठीत लावायचा, ही कसरत इथे रोजची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या उर्दू-मराठी कसरतीची ती वारसदार आहे. जुलै १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, त्यामुळे निदान जिल्हा न्यायालयात हा विद्यार्थी आपल्या भाषेत उभा राहू शकतो. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश त्याच्या हाताशी असतो. औरंगाबादला २०१७ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठही सुरू झाले. पण त्याचा प्रवेश देशपातळीवरील परीक्षेतून, शुल्क मोठे, माध्यम इंग्रजी. जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांसाठी गावचे विधी महाविद्यालय हाच खरा रस्ता राहिला आहे.

अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला जागा आली ती बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमुळे. २००८ च्या विधिशिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत: दावा-कैफियत व दस्तलेखन, व्यावसायिक नीती, तंटे मिटवण्याच्या पर्यायी पद्धती आणि अभिरूप न्यायालय. शेवटच्या विषयात विद्यार्थ्याला तीन लटके खटले चालवावे लागतात, एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खरे खटले कोर्टात बसून पाहावे लागतात, आणि वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराची मुलाखत कशी घेतात याची नोंदवही ठेवावी लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे उमेदवारी ठरलेली आहे. पुस्तकातल्या ‘उलटतपासणी’ला चेहरा मिळतो तो या काळात. एरवी साक्षीपुराव्याचा कायदा पाठ असलेला विद्यार्थीही साक्षीदाराला पहिला प्रश्न काय विचारावा इथे अडतो.

विधी साहाय्याचे काम या शिक्षणाचा दुसरा भाग. राज्यघटनेत १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-क आला, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हे आजही खेड्यात पुष्कळांना माहीत नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वकील संघ आणि विधी महाविद्यालय मिळून गावोगाव जी शिबिरे घेतात त्यांचे मोल इथे आहे. वारसाची नोंद, सातबाऱ्यावरचा फेरफार, पोटगी, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, अपघाताची नुकसानभरपाई हे या शिबिरांतले नेहमीचे प्रश्न. जायकवाडीचा डावा कालवा, पूर्णेवरील येलदरी आणि दुधनेवरील निम्न दुधना प्रकल्प यांच्यासाठी जमिनी गेल्या, त्यामुळे भूसंपादनाचा कायदा या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला फार जवळून माहीत आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत या विद्यार्थ्यांच्या वाटेवर मोठे बदल झाले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी तीन नवे कायदे आले, आणि १९५१ नंतर दुसऱ्यांदा परभणीच्या बाररूममध्ये सगळ्यांनी कलमे नव्याने पाठ करायला घेतली. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदेच्या शुल्कावर मर्यादा घातली. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये यापेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही असा तो निकाल आहे. त्याआधी अनेक राज्यांत हा खर्च हजारोंच्या घरात होता. २० मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. जिल्ह्यातल्या हुशार विद्यार्थ्याचे न्यायाधीश होण्याचे स्वप्न त्यामुळे तीन वर्षे पुढे गेले. वर्गातून थेट न्यायासनावर जाण्यापेक्षा आधी कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराचे दुखणे ऐकणे चांगले, ही बाजू खरी आहे. पण सुरुवातीची तीन वर्षे कमाईविना काढण्याची ताकद प्रत्येक घरात नसते, हेही तितकेच खरे.

या काळातील सर्वांत दुःखद प्रकरणही परभणीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचेच आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी अनेकांना अटक केली. त्यांत कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. पोलिसांच्या मारहाणीने तो झाला, असा आरोप कुटुंबाने केला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. सोमनाथच्या आईने औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आणि तिच्या बाजूने अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. कोठडीतील मृत्यूची चौकशी पुरी झाल्यावर पुढची पावले कोणी आणि कशी टाकायची हे कलमात स्पष्ट नाही, हा मुद्दा या याचिकेत पुढे आला. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.